चलनवहीचे ॲप : लाल अक्षरांतले पाच महिने

मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे आणि गेली १३ वर्षे कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या घरच्या मशीन शॉपचे हिशेब पाहते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींतून आमच्याकडे कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येते, त्यावर मशीनिंग होते आणि माल चलनावर, म्हणजे मालासोबतच्या नोंदपत्रावर, परत जातो. किती नग आले, किती गेले, किती रिजेक्शनमध्ये निघाले, याची नोंद एका लांबट चलनवहीत होत असे. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या आमच्या जुन्या खोलीत पाणी शिरले आणि तिथे ठेवलेल्या वह्यांचा लगदा झाला, तेव्हापासून ही वही मोबाइलमध्ये असावी असे मनात होते. जीएसटी कायद्यानुसार जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, पाठवलेला माल एका वर्षाच्या आत मूळ मालकाकडे परत जावा लागतो, त्यामुळे चलनावरची तारीख आम्हाला नगांइतकीच जपावी लागते. पुढे याच तारखेने मला सर्वांत जास्त रडवले, ते ओघात येईलच.

तयार ॲप घ्यावे म्हणून काही पाहिली होती, पण ती दुकानदारीसाठी केलेली होती. त्यांत बिल निघत होते, मात्र ४८ नग आले, ४५ गेले, ३ रिजेक्ट झाले असा हिशेब मांडायला जागा नव्हती. अभियांत्रिकीला असलेला पुतण्या म्हणाला, "काकू, फ्लटर शिका, दोन महिन्यांत होईल." फ्लटर म्हणजे मोबाइल ॲप बनवण्याचे गूगलचे साधन. दोनाचे पाच महिने झाले. त्यांपैकी प्रत्यक्ष कोड लिहिण्यात गेलेला वेळ निम्म्याहून कमी आहे. बाकीचा वेळ अवजारे चालू करण्यात, ती अडली की पुन्हा चालू करण्यात आणि लाल अक्षरांत उमटलेल्या संदेशांचा अर्थ लावण्यात गेला. शिकवणीच्या व्हिडिओंतून हा भाग बहुधा कापलेला असतो, म्हणून मी तोच सविस्तर लिहीत आहे.

सोमवार, ९ जून २०२५ रोजी मी अँड्रॉइड स्टुडिओ (अँड्रॉइड ॲप लिहिण्याचा प्रोग्राम) आणि फ्लटर उतरवून घेतले. लॅपटॉप पाच वर्षांपूर्वीचा, ८ जीबी रॅमचा आणि २५६ जीबी एसएसडीचा. संध्याकाळपर्यंत सी ड्राइव्हमधली मोकळी जागा ३० जीबीवरून ११ वर आली, कारण स्टुडिओबरोबर अँड्रॉइडचे एसडीके (ॲप बनवण्याच्या अवजारांचा संच) आणि एम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावरच्या नकली फोनसाठी, लागणारी सिस्टिमची प्रत हेही मुकाट्याने उतरत असते. ज्यांची जागा तुटपुंजी आहे त्यांनी एसडीके पहिल्याच दिवशी दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवावे. नंतर हलवणे जमते, पण जिवाला घोर लागतो. त्या फोल्डरच्या नावात शब्दांमधली मोकळी जागा (स्पेस) मात्र असू नये.

फ्लटर डॉक्टर ही आज्ञा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, दिली की संगणकावर काय आहे आणि काय नाही, याची यादी खुणांसह येते. माझ्या यादीत अँड्रॉइडसमोर दोन तक्रारी होत्या : कमांड-लाइन टूल्स सापडत नाहीत, आणि लायसन्सची स्थिती अज्ञात आहे. मी आधी दुसरीच्या मागे लागले आणि अर्धा दिवस घालवला. वास्तविक लायसन्स मान्य करण्याची आज्ञा त्याच कमांड-लाइन टूल्सच्या आधारावर चालते, त्यामुळे पहिली तक्रार मिटल्याशिवाय दुसरी मिटणे शक्यच नव्हते. स्टुडिओतल्या एसडीके मॅनेजरमध्ये एसडीके टूल्स नावाचा दुसरा टॅब असतो, तिथे कमांड-लाइन टूल्ससमोर खूण करायची, उतरवून झाले की फ्लटर डॉक्टरला लायसन्सचा पर्याय जोडून आज्ञा द्यायची आणि प्रत्येक प्रश्नाला होकार द्यायचा. काम चार मिनिटांचे आहे.

पहिला बिल्ड, म्हणजे कोडपासून ॲप तयार होणे, मात्र त्या दिवशी झाला नाही, आणि त्याचे कारण आठवले की मला अजून हसू येते. शुभारंभ म्हणून मी डेस्कटॉपवर 'चलनवही' असा मराठी नावाचा फोल्डर केला होता आणि प्रकल्प त्याच्या पोटात ठेवला होता. प्रकल्पाचे स्वतःचे नाव रोमन लिपीतच द्यावे लागते, हे फ्लटर आधीच सांगते. पण तो कोणत्या फोल्डरात आहे याबद्दल ते तोंड उघडत नाही. बिल्ड सुरू केल्यावर ग्रेडलने, म्हणजे बिल्ड करणाऱ्या साधनाने, सांगितले की प्रकल्पाच्या पत्त्यात नॉन-आस्की (साध्या इंग्रजी संचाबाहेरची) अक्षरे आहेत आणि विंडोजवर त्यामुळे बिल्ड बहुधा फसेल. ही तपासणी वगळण्याची एक ओळ त्या संदेशातच सुचवलेली असते आणि ती ग्रेडलच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये टाकता येते. मी टाकली आणि गाडी पुढे जाऊन दुसऱ्याच ठिकाणी अडली. शेवटी निमूटपणे फोल्डरचे नाव रोमन अक्षरांत केले. विंडोजमधले वापरकर्त्याचे नावच देवनागरीत असेल तर ग्रेडलचा साठाही त्याच नावाच्या फोल्डरात जातो. अशा वेळी ग्रेडल यूझर होम हा बदलता येणारा पत्ता सी ड्राइव्हवरच्या साध्या रोमन नावाच्या फोल्डराकडे वळवावा.

शनिवार, १४ जूनला पाऊस होता. ग्रेडल पहिल्यांदा चालते तेव्हा स्वतःची शंभरावर एमबीची झिप फाइल आधी उतरवते, मग लागणारी लायब्ररी आणते, आणि तेवढा वेळ पडद्यावर 'रनिंग ग्रेडल टास्क' एवढीच ओळ दिसत राहते. ती ४० मिनिटे तशीच दिसली तरी संगणक अडकला असे समजू नये, हे मला ठाऊक नव्हते. मी दोनदा बंद करून पुन्हा सुरू केले. तिसऱ्या वेळी वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता, राउटर नव्हता. वीज आल्यावर जो संदेश आला तो 'झिप एंड हेडर नॉट फाउंड' असा होता आणि कितीही वेळा चालवले तरी तोच येत राहिला, कारण अर्धवट उतरलेली फाइल पूर्ण आहे असे समजून ग्रेडल तीच उघडू पाहत होते. वापरकर्त्याच्या फोल्डरात ग्रेडल नावाचा, सुरुवातीला टिंब असलेला फोल्डर असतो. त्यात रॅपर, त्यात डिस्ट्स. तिथला त्या आवृत्तीचा फोल्डर काढून टाकला आणि रात्री दहानंतर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पुन्हा उतरवला. २५ मिनिटांत पहिला बिल्ड झाला आणि निळ्या पट्टीचे ते नमुन्याचे ॲप दिसले.

या आठवड्यात मी जे हाताला येईल ते बदलत होते. आमच्या शॉपमधले सर्वांत जुने टर्नर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते चहाला ऑफिसात आले असताना माझी चिडचिड त्यांच्या कानावर पडली. ते म्हणाले, "वहिनी, साइज आउट गेली म्हणून टूल, स्पीड आन् ऑफसेट तिन्ही एकदम हलवू नगा. मग काम जमलं तरी कशानं जमलं ते कळत न्हाई." मामांना ग्रेडल माहीत नाही, पण मला पाहिजे होते ते नेमके हेच होते. दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक पानाचे चार भाग केले : तारीख, संदेशातली महत्त्वाची ओळ जशीच्या तशी, केलेला एकच बदल, आणि त्याचा परिणाम. नोव्हेंबर उजाडेपर्यंत या वहीत ६१ नोंदी झाल्या. दोन संदेश मला पुन्हा भेटले आणि दोन्ही वेळा उत्तर माझ्याच अक्षरात मिळाले.

'फ्लटर क्लीन' करा, स्टुडिओतला कॅशे पुसा, सगळे बंद करून पुन्हा उघडा, असे सल्ले कुणीही देतो. मीही ते केले आणि कधी कधी ते लागू पडले. तरी माझ्या मते हा अंगारा लावण्याचा प्रकार आहे. रोगी उठून बसतो, पण दुखणे काय होते ते कळत नाही आणि आठ दिवसांनी तो पुन्हा अंथरूण धरतो. त्याऐवजी ग्रेडलने ओतलेल्या दोनशे ओळींत 'व्हॉट वेंट राँग' असे शीर्षक कुठे आहे ते आधी शोधावे आणि त्याखालच्या तीन-चार ओळी सावकाश वाचाव्यात. बरेचदा खरे कारण त्याच्याही खाली, 'कॉज्ड बाय' या शब्दांपुढे असते. ती ओळ इंटरनेटवर शोधताना तिच्यातला आपल्या फोल्डरचा पत्ता काढून टाकावा, नाहीतर जगात तसा संदेश फक्त आपल्यालाच आला आहे असे भासते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात जावाचा, म्हणजे ग्रेडल ज्यावर चालते त्याचा, घोळ झाला. वेळ वाचावा म्हणून मी एका शिकवणीबरोबर मिळालेला जुना नमुना-प्रकल्प पाया म्हणून घेतला होता. तो चालवताच 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५' असा संदेश आला. हा ६५ कुठून आला ते मला तीन दिवस कळले नाही. पुतण्याने शोधून सांगितले की त्या आकड्यातून ४४ वजा केले की जावाची आवृत्ती मिळते : ६५ म्हणजे जावा २१, ६१ म्हणजे १७, ५५ म्हणजे ११. अँड्रॉइड स्टुडिओबरोबर येणारे जावा २०२४ च्या लेडीबग आवृत्तीपासून २१ झाले आहे. ग्रेडल मात्र ८.५ आवृत्तीपासून पुढेच जावा २१ वर चालते, आणि माझ्या नमुना-प्रकल्पातले ग्रेडल ७.५ होते. म्हणजे दोघेही आपापल्या जागी धडधाकट होते, फक्त त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती.

यावर दोन मार्ग असतात. एक म्हणजे जावा १७ वेगळे बसवून फ्लटरला त्याचा पत्ता द्यायचा, आणि दुसरा म्हणजे ग्रेडल वर न्यायचे. मी दुसरा धरला. ग्रेडल वर नेले म्हणून अँड्रॉइडचे ग्रेडल प्लगइनही (ग्रेडलला अँड्रॉइड ॲप बनवू देणारे जोडसाधन) आठच्या पुढे न्यावे लागले, आणि ते नेताच एका जुन्या प्लगइनने 'नेमस्पेस नॉट स्पेसिफाइड' म्हणून हात वर केले, कारण आठव्या आवृत्तीपासून नेमस्पेस हे ओळखनाव प्रत्येकाला बिल्डच्या फाइलमध्ये जाहीर करावे लागते आणि त्या प्लगइनच्या कर्त्याने ते कधीच केले नव्हते. एक खिळा ठोकावा तर शेजारचा उपटतो, अशी गत झाली. ११ जुलैला मी हा नाद सोडला, फ्लटरकडून कोरा प्रकल्प तयार करून घेतला, जुन्यातला फक्त लिब फोल्डर, ज्यात ॲपचा मूळ कोड असतो, त्यात आणला, प्लगइन एकेक करून नव्या आवृत्तीचे जोडले, आणि तासाभरात सगळे चालू झाले. कुणाचा जुना प्रकल्प पाया म्हणून घेणार असाल तर आधी हेच करून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

एम्युलेटरबद्दल थोडक्यात. सुरुवातीला तो उघडतच नव्हता, कारण बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, व्हर्च्युअलायझेशन (संगणकात दुसरे यंत्र चालवण्याची सोय) बंद होते. ते चालू केल्यावर उघडला, पण माउस हलवला की बाण चहा पिऊन येत असे. स्टुडिओ आणि एम्युलेटर दोन्ही चालवायचे तर १६ जीबी रॅम हवी, असे अँड्रॉइडच्या कागदपत्रांतच लिहिलेले आहे, ते मी नंतर वाचले. राजारामपुरीत २,३०० रुपयांना ८ जीबीची पट्टी घेतली. फरक पडला, तरीही पुढचे सगळे काम मी खऱ्या फोनवरच केले.

खऱ्या फोनचीही स्वतःची नाटके असतात. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट आपटले की डेव्हलपर पर्याय उघडतात आणि त्यांत यूएसबी डिबगिंग चालू करता येते, इथपर्यंत सगळे सांगतात. एवढे करूनही लॅपटॉपला फोन दिसेना. मी ड्रायव्हर काढले, पुन्हा बसवले, विंडोजची अपडेट केली. दोन दिवस गेले आणि वहीत सहा नोंदी झाल्या. सातव्या नोंदीत 'केबल बदलली' एवढेच लिहिले आहे. घरातली ती केबल फक्त चार्जिंगची होती. तिच्यात माहिती वाहून नेणाऱ्या तारा नव्हत्याच. १५० रुपयांची नवी केबल लावताच फोन दिसला, पण नावापुढे 'अनऑथराइज्ड' असे होते, म्हणजे फोनच्या पडद्यावर परवानगीची खिडकी उघडलेली होती आणि फोन खिशात असल्याने ती कुणी पाहिलेली नव्हती. ते मिटल्यावर 'इन्स्टॉल फेल्ड यूझर रिस्ट्रिक्टेड' आले. काही कंपन्यांच्या फोनमध्ये डेव्हलपर पर्यायांतच यूएसबीवरून ॲप बसवू देण्याचे आणखी एक बटण असते आणि ते चालू करताना फोनमध्ये सिम व त्या कंपनीचे खाते लागते. माझ्या जुन्या चाचणी-फोनमध्ये सिम नव्हते. सासूबाईंचे सिम दहा मिनिटे उसने घेतले आणि त्यांचा एक फोन चुकला, तो अजून ऐकून घेते आहे.

आता तारखेचे प्रकरण.

शॉपमधल्या मंडळींना वाचायला सोपे जावे म्हणून मी सगळ्या तारखा मराठी आकड्यांत दाखवल्या होत्या. फ्लटरच्या तारखेच्या साधनाला मराठी भाषा सांगितली की ते आपोआप देवनागरी आकडे देते. आधी स्थानिक माहिती तयार करण्याची एक ओळ मुख्य फंक्शनमध्ये लिहावी लागते. ती नसेल तर तसा स्पष्ट संदेश येतो आणि एका मिनिटात काम होते. पडदा इतका सुरेख दिसू लागला की मी पडद्यावर दिसणारीच तारीख, म्हणजे १२/०७/२०२५ अशी देवनागरीतली अक्षरे, तशीच्या तशी साठवू लागले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी 'परतीला किती दिवस उरले' हा रकाना जोडला. त्यात प्रत्येक चलनासमोर शून्य येऊ लागले. कालच्या चलनालाही शून्य, मे महिन्यातल्यालाही शून्य.

चार दिवस मी वजाबाकीचे सूत्र उलटसुलट करून पाहिले. सूत्र बरोबर होते. चूक दोन ठिकाणी होती आणि पहिलीने दुसरीला झाकले होते. एका व्हिडिओत ऐकून मी तो भाग ट्राय-कॅचमध्ये, म्हणजे चूक झाली तरी ॲप पडू न देणाऱ्या रचनेत, गुंडाळला होता आणि काही बिघडले तर शून्य द्यावे, असे लिहून ठेवले होते. त्यामुळे ॲप कोसळत नव्हते, पण लाल अक्षरेही दिसत नव्हती. ९ ऑगस्टला मी ते वेष्टन काढले आणि पडद्यावर 'फॉरमॅट एक्सेप्शन, इनव्हॅलिड रेडिक्स-१० नंबर' अशी ओळ आली, जिच्या शेजारी माझेच देवनागरी '१२' दिसत होते. डोळ्यांना तो बारा हा आकडा होता. फ्लटरचा कोड ज्या डार्ट भाषेत लिहितात तिच्या लेखी ती केवळ दोन अक्षरे होती, कारण अक्षरांपासून पूर्णांक काढणारे तिचे फंक्शन फक्त इंग्रजी आकडे ओळखते. इतके दिवस मी ज्या लाल अक्षरांना शिव्या घातल्या होत्या ती मी स्वतःच झाकून ठेवली, तेव्हा चार दिवस पाण्यात गेले.

दुरुस्ती अशी केली की साठवताना तारीख नेहमी इंग्रजी आकड्यांत, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी ठेवायची, आणि मराठी रूप फक्त दाखवताना द्यायचे. अशी साठवलेली तारीख अक्षरांच्या क्रमाने लावली तरी काळाच्या क्रमानेच लागते, हा वरचा लाभ. शिवाय फाउंड्रीकडून व्हॉट्सॲपवर '४८ नग पाठवले' असे संदेश येतात आणि आमची मुले त्यातला आकडा उचलून ॲपमध्ये चिकटवतात, म्हणून दहा देवनागरी आकडे इंग्रजीत बदलणारे एक छोटे फंक्शन प्रत्येक रकान्यापुढे पहाऱ्याला बसवले. मराठीत ॲप करणाऱ्याने हे फंक्शन पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे.

गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि त्याआधी ॲप शॉपमधल्या पाच फोनांवर द्यायचे माझ्या मनात होते. २२ तारखेला रिलीज बिल्ड, म्हणजे लोकांना द्यायची आवृत्ती, करून एपीके (फोनवर ॲप बसवण्याची) फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली. पाचही फोनांवर ॲप उघडले आणि गोल चक्र फिरत राहिले. माझ्या फोनवर, केबल लावलेली असताना, तेच ॲप उत्तम चालत होते. मी ब्रॉडबँडवाल्याला दोन फोन केले आणि त्या बिचाऱ्याची यात काहीच चूक नव्हती. फ्लटरच्या कोऱ्या प्रकल्पात इंटरनेट वापरण्याची परवानगी डिबगच्या, म्हणजे चाचणीच्या बिल्डच्या, मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या परवानग्या लिहिण्याच्या फाइलमध्ये) लिहिलेली असते, कारण अवजारांना फोनशी बोलायला ती लागते. मुख्य मॅनिफेस्टमध्ये मात्र ती आपण लिहायची असते. म्हणजे जोवर आपण शिकत असतो तोवर परवानगी उसनी मिळते आणि ॲप लोकांना देताना ती काढून घेतली जाते. एक ओळ टाकली आणि चक्र थांबले. तेव्हापासून कोणताही मोठा बदल केला की मी केबल काढून, रिलीज बिल्ड एका वेगळ्या फोनवर उघडून पाहते.

विसर्जन ६ सप्टेंबरला झाले आणि मग मी ॲपवर डिजिटल सही करण्याच्या किल्लीकडे वळले. कीटूल या साधनाने ही किल्ली साठवणारी की-स्टोअर फाइल तयार होते. तिची मुदत फ्लटरच्या कागदपत्रांत १०,००० दिवस सुचवलेली आहे, म्हणजे २७ वर्षांहून थोडी जास्त. ती फाइल मी सी ड्राइव्हवरच्या एका फोल्डरात अपलोड की-स्टोअर या नावाने ठेवली आणि तिचा पत्ता की-प्रॉपर्टीज फाइलमध्ये विंडोज दाखवते तसा, उलट्या तिरप्या रेघा देऊन लिहिला. बिल्डने 'मालफॉर्म्ड एन्कोडिंग' म्हणून काहीतरी सुनावले, ज्यात ना किल्लीचा उल्लेख होता ना पत्त्याचा. जावाच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये उलटी तिरपी रेघ ही खास खूण असते आणि तिच्यापुढे इंग्रजीतला लहान 'यू' आला की पुढे युनिकोडचा क्रमांक येणार असे ती धरून चालते. माझ्या पत्त्यात रेघेपुढे नेमका अपलोडचा 'यू' होता. फाइलचे नाव दुसरे काही असते तर हा संदेश आलाच नसता, फक्त फाइल सापडली नसती. साध्या तिरप्या रेघा घातल्या आणि काम झाले. की-स्टोअर आणि तिचा पासवर्ड दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवावेत. मी एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून शॉपच्या कपाटात, जीएसटीच्या फायलींशेजारी ठेवली आहे.

प्ले स्टोअरवर ॲप चढवण्यासाठी लागणारे प्ले कन्सोलचे खाते १० सप्टेंबरला उघडले. शुल्क २५ डॉलर, एकदाच. बँकेचे आकार धरून माझे सुमारे २,२५० रुपये गेले. पहिल्या दोन वेळा कार्ड नाकारले गेले, कारण परदेशी व्यवहार त्यावर बंद होते. ते बँकेच्या ॲपमधून आपल्याला चालू करावे लागतात आणि काम झाल्यावर मी ते पुन्हा बंद केले. प्रीपेड कार्ड तिथे चालत नाही. ओळख पटवताना नाव कागदपत्रावर आहे तसेच अक्षरशः हवे. मी खाते माहेरचे नाव मध्ये घालून उघडले होते आणि कागदपत्रावर पतीचे नाव होते, त्यामुळे पहिला अर्ज परत आला. दुरुस्त करून पाठवल्यावर तीन दिवस लागले. शिवाय हाताशी खरा अँड्रॉइड फोन आहे हे दाखवण्यासाठी प्ले कन्सोलचे मोबाइल ॲप त्या फोनवर उघडावे लागते, आणि संपर्काचा क्रमांक पडताळावा लागतो.

नव्या ॲपसाठी एपीके चालत नाही, ॲप बंडल लागते. हा नियम ऑगस्ट २०२१ पासूनचा आहे. पॅकेजच्या नावाची, म्हणजे ॲपच्या स्वतंत्र ओळखनावाची, सुरुवात नमुन्यातल्या कॉम-एक्झाम्पलने असेल तर ते स्वीकारले जात नाही, आणि एकदा चढवलेले नाव नंतर बदलता येत नाही, म्हणून ते सावकाश ठरवावे. टार्गेट एपीआय, म्हणजे ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी केले आहे त्याचा क्रमांक, मी एका व्हिडिओतून पाहून ३४ लिहिला होता. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपला किमान ३५, म्हणजे अँड्रॉइड १५, लागू झाला होता. तो बदलून पुन्हा चढवले तर व्हर्जन कोड आधीच वापरलेला आहे असे उत्तर आले. पबस्पेक फाइलमध्ये आवृत्तीपुढे अधिक चिन्हानंतरचा जो आकडा असतो तोच हा कोड, आणि बंडल एकदा चढले की तो खर्ची पडतो. माझे पहिले प्रकाशित ॲप त्यामुळे कोड क्रमांक ४ चे आहे. गोपनीयता धोरणाचे पान आणि डेटा सुरक्षेचा अर्ज यांना दोन संध्याकाळी लागल्या. सगळी माहिती शॉपच्या कामाचीच असल्याने लिहायला अवघड काही नव्हते.

खरी परीक्षा यानंतर आली. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी बंद चाचणी घ्यावी लागते. तीत किमान १२ जण सलग १४ दिवस सामील असावे लागतात. डिसेंबर २०२४ पर्यंत ही संख्या २० होती, त्या मानाने आपले बरे. बारा माणसे गोळा करणे सोपे वाटते. माझ्या यादीतल्या दोघांकडे आयफोन निघाले. तिघांना आपला जीमेलचा पत्ताच ठाऊक नव्हता, कारण फोन दुकानदाराने सुरू करून दिला होता. यादीत नाव घालून भागत नाही, दुव्यावर जाऊन प्रत्येकाने स्वतः होकार द्यावा लागतो, आणि तोही त्याच जीमेलने. शुक्रवार, १९ सप्टेंबरला माझे १२ भरले. नवव्या दिवशी पुतण्याच्या एका मित्राने, आपले काम झाले असे समजून, त्याच पानावरचे बाहेर पडण्याचे बटण दाबले. संख्या ११ झाली आणि मोजणी वाया गेली.

खंडेनवमी १ ऑक्टोबरला होती. लेथ आणि सीएनसी धुऊनपुसून, हळदकुंकू वाहून पूजा झाली. मामांनी माझ्या लॅपटॉपलाही झेंडूचा हार घातला. प्रसादाला जमलेल्या मंडळींकडून मी तिथेच आणखी पाच जणांचे होकार भरून घेतले. १६ जणांसह मोजणी नव्याने सुरू झाली आणि १५ ऑक्टोबरला १४ दिवस पूर्ण झाले. माझा सल्ला असा की बारावर थांबू नये, किमान पंधरा-सोळा जण ठेवावेत. ॲप खुले करण्याच्या पुढच्या अर्जात चाचणी करणाऱ्यांनी काय सांगितले आणि त्यावरून तुम्ही काय बदलले, असे प्रश्न असतात. माझ्याकडे वही असल्याने तारखांसह लिहिता आले. उत्तर सहा दिवसांनी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, होकाराचे आले, आणि २७ ऑक्टोबरला मी ॲप खुले केले. केवळ आपल्या शॉपपुरतेच ॲप हवे असते तर अंतर्गत चाचणीचा मार्ग पुरला असता, कारण त्यात १०० जणांपर्यंत ॲप देता येते आणि १४ दिवसांची अट नाही. हे मला ऑक्टोबरमध्ये कळले. शेजारच्या दोन शॉपवाल्यांनी मागितले होते, एवढाच माझ्या खटाटोपाला आधार.

रॅम, केबल, खात्याचे शुल्क आणि दोन महिन्यांचे जादा डेटा पॅक धरून रोख खर्च ५,३०० रुपयांच्या आत राहिला. रात्री मोजलेल्या नाहीत.

२८ तारखेला सकाळी शिरोलीहून टेम्पो आला. मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, ॲपमध्ये ४८ नग लिहिले, तारीख मराठीत आली ती दोनदा पाहिली, आणि मग लांबट चलनवही ओढून तीच नोंद पेनानेही केली. मार्चअखेरपर्यंत दोन्ही चालू ठेवायचे असे ठरले आहे. स्टुडिओच्या कोपऱ्यात नवी आवृत्ती आल्याची सूचना गेल्या आठवड्यापासून आहे. तिच्यावर मी अजून बोट ठेवलेले नाही, कारण वहीतले ६२ वे पान सध्या कोरेच बरे आहे.